घरच्या संग्रहाचा विमा

घरातल्या मौल्यवान वस्तूंचा विमा हा घराच्या विम्याचाच एक भाग असला, तरी तो आपोआप मिळत नाही. घराचा विमा उतरवला म्हणजे घरातले सगळेच सुरक्षित झाले, असा समज सर्रास आढळतो. विमा कंपनीच्या लेखी मात्र सोफा, फ्रिज, कपाट, भांडीकुंडी हा एक प्रकार आहे, आणि आजीची ठुशी, सावंतवाडीचा गंजिफा, राजा रविवर्म्याच्या छापखान्यातली जुनी लक्ष्मी किंवा वर्षानुवर्षे जमवलेल्या शिवराया हा दुसरा. पहिल्या प्रकारातल्या वस्तू बाजारात पुन्हा मिळतात आणि त्यांची किंमत दुकानाच्या बिलावरून कळते. दुसऱ्या प्रकारातल्या वस्तूंची किंमत त्यांच्या जुनेपणात, दुर्मिळपणात, कारागिरीत आणि त्या कोणाकडून कोणाकडे आल्या या इतिहासात असते. वस्तू हातची गेल्यावर ही किंमत सिद्ध करणे जवळपास अशक्य होऊन बसते. म्हणूनच अशा संग्रहाच्या विम्यातले बहुतेक काम पॉलिसी घेण्याआधी करायचे असते.

महाराष्ट्रात असे संग्रह वाटतात त्याहून जास्त घरांत आहेत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आज सुमारे २०,००० वस्तू आहेत. त्या भांडाराची सुरुवात १९२० च्या सुमारास दिनकर गंगाधर केळकर यांच्या एकट्याच्या छंदातून झाली. दिवे, अडकित्ते, वाद्ये असे रोजच्या वापरातले सामान त्यांनी हिंडून जमवले. संग्रहालयापर्यंत न पोहोचलेले कितीतरी लहान संग्रह आजही बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आणि पलंगाखालच्या ट्रंकेत आहेत. तिकिटांचे अल्बम, जुनी नाणी, तांब्यापितळेची उपकरणी, पारंपरिक दागिने, पैठण्या, पोथ्या, ग्रामोफोनच्या तबकड्या, एखाद्या चित्रकाराने स्नेहाने दिलेले जलरंगातले निसर्गचित्र. यांचे मालक बहुधा स्वतःला संग्राहक म्हणवत नाहीत, आणि विम्याचा अर्ज भरताना या वस्तू त्यांना आठवतही नाहीत.

भारतात घराच्या विम्याची पायाभूत पॉलिसी म्हणजे 'भारत गृह रक्षा'. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, १ एप्रिल २०२१ पासून ती लागू केली. कोणत्याही कंपनीकडून घेतली तरी तिचा मूळ मसुदा सारखाच असतो. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणे, दंगल, दहशतवादी कृत्य, पाण्याची टाकी किंवा नळ फुटणे अशा संकटांपासून ती संरक्षण देते. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सर्वसाधारण सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, पण जास्तीत जास्त १० लाख रुपयांचे, संरक्षण वेगळे न मागता मिळते. दागिने, चांदीची भांडी, चित्रे, कलावस्तू, मौल्यवान गालिचे, पुराणवस्तू मात्र या सर्वसाधारण सामानात मोडत नाहीत. त्यांच्यासाठी 'मौल्यवान वस्तूं'चे ऐच्छिक कलम मागून घ्यावे लागते.

हे कलम 'मान्य किमती'च्या तत्त्वावर चालते. वस्तूची किंमत किती धरायची, हे मालक आणि कंपनी आधीच ठरवतात आणि ती पॉलिसीत लिहिली जाते. वस्तू पूर्ण नष्ट झाली तर त्या वेळी बाजारभाव काय होता, घसारा किती धरायचा, यावर वाद घालायचे कारण उरत नाही. घरच्या सामानाला लागू होणारा घसारा जुन्या वस्तूला लावणे मुळातच चुकीचे आहे. शंभर वर्षांपूर्वीचा समईचा जोड वयाने स्वस्त होत नाही. मौल्यवान वस्तूंची एकूण विमा रक्कम ५ लाख रुपयांच्या आत असेल आणि कोणतीही एक वस्तू १ लाख रुपयांच्या वर नसेल, तर मूल्यांकनाचे प्रमाणपत्र लागत नाही. त्यापुढे ते द्यावे लागते. खरे तर प्रमाणपत्राची सक्ती नसतानाही ते करून घेणे शहाणपणाचे आहे, कारण दाव्याच्या वेळी वस्तू घरात होती आणि ती कशी होती, याचा तो त्रयस्थ पुरावा ठरतो.

या पॉलिसीत दोन मोठ्या फटी आहेत आणि संग्राहकाला नेमक्या त्याच नडतात. पहिली फट चोरीची. भारत गृह रक्षा पॉलिसीत चोरीची भरपाई मिळते ती फक्त विमा असलेल्या संकटामुळे झालेल्या आणि त्यानंतर ७ दिवसांच्या आत घडलेल्या चोरीची. पूर आला, घर उघडे पडले आणि त्या गोंधळात कोणी ऐवज लांबवला तर ती पॉलिसी उपयोगी पडते. दिवाळीत गावी गेल्यावर कुलूप तोडून झालेली घरफोडी तिच्यात येत नाही. दुसरी फट वस्तूंच्या प्रकाराची. सोन्याचांदीच्या लगडी, न जडवलेली रत्ने, हस्तलिखिते, आराखडे, कोणतीही कागदपत्रे, नाणी आणि नोटा यांचे नुकसान पॉलिसीत स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय भरून मिळत नाही. नाणेसंग्राहकाचा आणि पोथ्या जपणाऱ्याचा सगळा संग्रहच या यादीत बसतो. ज्याच्या घरी फक्त जुनी नाणी आहेत, त्याने 'मौल्यवान वस्तूं'चे कलम घेतले आणि नाण्यांचा वेगळा उल्लेख करून घेतला नाही, तर त्याने हप्ता भरला तरी त्याचा संग्रह उघड्यावरच राहतो. असा उल्लेख कंपनीकडून लेखी करून घ्यावा. एजंटाने फोनवर दिलेली हमी दाव्याच्या वेळी कामी येत नाही.

चोरीसाठी घरफोडीचे वेगळे कलम किंवा अनेक कलमे एकत्र बांधलेली गृहधारकाची पॅकेज पॉलिसी घ्यावी लागते. घरफोडीच्या कलमात बहुधा बळजबरीने घरात शिरल्याची किंवा बाहेर पडल्याची खूण असावी लागते: तुटलेले कुलूप, वाकवलेले गज, फोडलेली काच. पाहुणा म्हणून आलेल्याने टेबलावरची घड्याळाची डबी खिशात घातली, तर ती साधी चोरी होते आणि त्यासाठी जादा कलम लागते. घरातल्या माणसांनी किंवा नोकरचाकरांनी केलेली चोरी अनेक पॉलिसींत वगळलेली असते. काही कंपन्या ती जादा हप्त्यावर घेतात. घर सलग बंद राहण्याचीही मर्यादा असते. अनेक पॉलिसींत ती ३० दिवसांची असते, काहींत याहून कमी. मुलांकडे परदेशी तीन महिने जाणाऱ्या ज्येष्ठ जोडप्यांनी निघण्याआधी कंपनीला लेखी कळवून संरक्षण चालू ठेवण्याची संमती घ्यावी. ही एक ओळ न पाळल्याने पूर्ण दावा फेटाळला जाऊ शकतो.

सर्वांत व्यापक संरक्षण 'ऑल रिस्क' कलमात मिळते. त्यात कोणती संकटे समाविष्ट आहेत याची यादी नसते, कोणती वगळली आहेत याची असते. जे वगळलेले नाही ते सगळे आत. लग्नाला जाताना गाडीत हरवलेली नथ, हातातून पडून फुटलेला काचचित्राचा तुकडा, प्रवासात चोरीला गेलेला साज हे नुकसान याच कलमात भरून मिळू शकते, कारण ते घराच्या चार भिंतींपुरते मर्यादित नसते. हप्ता अर्थातच आगीच्या विम्याहून बराच जास्त असतो. रोज अंगावर घातले जाणारे आणि समारंभात मिरवले जाणारे दागिने या कलमात घालावेत. कपाटातून क्वचितच बाहेर निघणाऱ्या वस्तूंना आग आणि घरफोडी पुरेशी असते. सगळा संग्रह एकाच मापाने मोजण्याची गरज नाही, आणि असे वेगळे केले की हप्ताही आवाक्यात राहतो.

कोणतेही कलम घेतले तरी किंमत ठरवणे हा या विषयाचा गाभा आहे, आणि तिथे प्रत्येक वस्तूचा धर्म निराळा असतो. दागिन्यांचे मूल्यांकन करताना एकूण वजन, निव्वळ सोन्याचे वजन, शुद्धता, खडे-मोती आणि घडणावळ वेगवेगळी लिहिली गेली पाहिजे. ठुशीसारख्या पारंपरिक मराठी दागिन्यांत मण्यांच्या पोटात लाख भरलेली असते, त्यामुळे काट्यावरचे वजन आणि सोन्याचे वजन यांत बरीच तफावत पडते. ही तफावत न नोंदवता घेतलेली विमा रक्कम पुढे वादाचे कारण होते. जुन्या नथीतले नैसर्गिक मोती हे आणखी एक उदाहरण: त्यांची किंमत सोन्यापेक्षा कितीतरी जास्त असू शकते, पण सराफाच्या साध्या पावतीत 'मोती' एवढाच शब्द असतो. १ एप्रिल २०२३ पासून सोन्याचे हॉलमार्क असलेले दागिने सहा अक्षरांकांच्या एचयूआयडी क्रमांकाशिवाय विकता येत नाहीत. नव्या दागिन्याचा हा क्रमांक यादीत उतरवून ठेवावा. जुन्या दागिन्यांची शुद्धता हॉलमार्किंग केंद्रात तपासून घेता येते, पण पुराणवस्तूसारख्या दागिन्यावर छाप मारून घेण्याआधी जाणकाराचा सल्ला घेणे बरे.

नाण्यांचे गणित वेगळे. शिवराई हे तांब्याचे नाणे शिवछत्रपतींनंतरही दीर्घकाळ, अनेक टांकसाळींत पाडले गेले. त्यामुळे उत्तरकाळातल्या झिजलेल्या शिवराया फार महाग नसतात, तर शिवकालीन अस्सल नाणे मौल्यवान असते आणि सोन्याचा शिवकालीन होन अतिशय दुर्मिळ. बाजारात नकली होनही फिरतात. नाण्याची किंमत त्याच्या स्थितीवर इतकी अवलंबून असते की चिंच-राखेने घासून चकचकीत केलेले नाणे संग्राहकाच्या दृष्टीने खराब झालेले असते. विम्यासाठी प्रत्येक महत्त्वाच्या नाण्याची दोन्ही बाजूंची छायाचित्रे, वजन, व्यास आणि शक्यतो तज्ज्ञाचे अस्सलपणाचे प्रमाणपत्र हवे. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राच्या संशोधनाची संस्था आहे. नाण्यांच्या अभ्यासाची परंपरा महाराष्ट्रात जिवंत आहे आणि जाणकार सापडणे अवघड नाही.

चित्रांच्या बाबतीत पूर्वेतिहासाला सर्वाधिक महत्त्व असते. म. वि. धुरंधर किंवा सा. ल. हळदणकर यांच्या नावाने घरात असलेले चित्र खरोखर त्यांचेच आहे, हे सही पाहून ठरत नाही. खरेदीची पावती, प्रदर्शनाची पुस्तिका, चित्रकाराच्या कुटुंबाचे पत्र, चित्राच्या मागची चिठ्ठी असा कागद लागतो. विमा कंपनी अस्सलपणाची तपासणी करत नाही. ती मालकाच्या निवेदनावर विसंबते. विम्याचा करार पूर्ण सचोटीच्या तत्त्वावर उभा असतो, म्हणून माहीत असलेली शंका लपवून मोठी किंमत मान्य करून घेतली तर करारच धोक्यात येतो. रविवर्म्याच्या छापील चित्रांबाबत मालकाने विशेष सावध असावे. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला हा छापखाना १९७२ मध्ये आगीत भस्मसात झाला. त्या काळच्या मूळ छाप्यांना आज मागणी आहे, पण नंतरच्या नकलाही घरोघरी त्याच चौकटींत लटकत असतात. दोहोंच्या किमतीत फार मोठे अंतर असते.

कमी रकमेचा विमा ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. घरफोडीच्या आणि जुन्या धर्तीच्या पॉलिसींत 'सरासरीचे कलम' असते. समजा संग्रहाची खरी किंमत २० लाख रुपये आहे आणि विमा १० लाखांचा आहे. चोरीत ४ लाखांच्या वस्तू गेल्या, तर कंपनी ४ लाख देत नाही, २ लाख देते. उरलेल्या अर्ध्या जोखमीचा विमा मालकाने स्वतःच्याच डोक्यावर घेतला होता, असे मानले जाते. भारत गृह रक्षा पॉलिसीत हे कलम लावले जात नाही, ही त्या पॉलिसीची मोठी जमेची बाजू. मान्य किमतीत सरासरीचा प्रश्न येत नसला तरी मान्य केलेली रक्कम शिळी होते. २०२२ मध्ये दहा ग्रॅमला ५० हजार रुपयांच्या आसपास असलेले सोने २०२५ मध्ये एक लाखाच्या पुढे गेले. मधल्या काळात मूल्यांकन न बदललेल्या घरांना विम्याच्या पैशातून अर्धाच दागिना परत घडवता येईल. दागिन्यांचे मूल्यांकन दर वर्षी नूतनीकरणाच्या वेळी, चित्रे आणि नाण्यांचे दर दोन-तीन वर्षांनी तपासावे.

संचाचे कलमही वाचून घ्यावे. दशावतारी गंजिफात दहा रंगांची प्रत्येकी १२ अशी १२० पाने असतात. त्यातली चार पाने हरवली तर संच खेळायला आणि विकायलाही अपुरा होतो, पण अनेक पॉलिसी फक्त हरवलेल्या पानांच्या प्रमाणात रक्कम देतात. बुगड्यांच्या जोडीतली एक गेली, तोड्यांपैकी एक हरवला, तेव्हाही हाच नियम. संच म्हणून असलेल्या वस्तू यादीत संच म्हणूनच लिहाव्यात आणि एक भाग गेल्यास भरपाई कशी होईल, हे कंपनीला आधी विचारावे.

जे नुकसान सावकाश होते ते जवळजवळ सर्वच पॉलिसी वगळतात. वाळवी, कसर, उंदीर, बुरशी, दमट हवा, ऊन, झीज, घडीवर विरत जाणारी पैठणी, काळी पडणारी जर, पिवळे डाग पडलेली टपाल तिकिटे यांतले काहीही विम्यात बसत नाही. दुरुस्ती किंवा साफसफाई करताना झालेले नुकसानही बाहेरच. कोकणात आणि मुंबईत चार महिन्यांच्या पावसात संग्रहाचे जे हाल होतात, त्यांवर उपाय विम्यात नाही, काळजीत आहे. कागद आणि कापड बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नये, कपाट जमिनीपासून उचललेले असावे, पैठणीच्या घड्या अधूनमधून बदलाव्यात, अल्बम उभे ठेवावेत. वस्तू बिघडलीच तर घरगुती प्रयोग करण्यापेक्षा संवर्धकाकडे न्यावी. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धनाचे केंद्र आहे.

अचानक येणारे पाणी मात्र विम्याचा विषय आहे आणि महाराष्ट्राला त्याचा अनुभव पुरेपूर आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडाले. अशा पुरांत तळमजल्यावरची घरे आणि त्यांतली फोटोंची, पुस्तकांची, कपड्यांची कपाटे तासाभरात जातात. पूररेषेजवळ राहणाऱ्या संग्राहकाने विमा घ्यावाच, पण मौल्यवान वस्तू वरच्या मजल्यावर ठेवाव्यात. काही कंपन्या हप्ता ठरवताना मजला विचारतात.

या सगळ्याच्या मुळाशी यादी असते. चोरीला गेलेल्या कलावस्तूंचा शोध सोपा व्हावा म्हणून १९९७ मध्ये 'ऑब्जेक्ट आयडी' नावाचा आंतरराष्ट्रीय नमुना तयार झाला. संग्रहालये आणि पोलिसांसाठी केलेला हा नमुना घरीही तितकाच उपयोगी आहे. वस्तूचा प्रकार, मापे, साहित्य आणि घडवण्याची पद्धत, कोरलेली अक्षरे किंवा खुणा, शीर्षक, विषय, काळ, कर्ता आणि वेगळेपणाची ओळख, एवढे त्यात लिहायचे असते. यातली वेगळेपणाची ओळख सर्वांत मोलाची. एकाच साच्यातल्या दोन पितळी मूर्तींत फरक असतो तो डाव्या पायाजवळच्या चिरेचा किंवा तळाशी कोरलेल्या आजोबांच्या आद्याक्षरांचा. हीच खूण पोलिसांना वस्तू ओळखायला मदत करते. प्रत्येक वस्तूचे छायाचित्र समोरून, मागून, तळाशी आणि मोजपट्टी शेजारी ठेवून घ्यावे. ही यादी घरातल्या कपाटात ठेवून भागत नाही. आग लागली तर वस्तूबरोबर तीही जाईल. एक प्रत नातेवाइकाकडे आणि एक मेलवर किंवा क्लाउडवर असावी.

ज्यांना बँकेच्या लॉकरवर भरवसा वाटतो, त्यांनी त्याची मर्यादा समजून घ्यायला हवी. बँक लॉकरमधल्या वस्तूंचा विमा उतरवत नाही आणि आत काय आहे हे तिला माहीतही नसते. 'अमिताभ दासगुप्ता विरुद्ध युनायटेड बँक ऑफ इंडिया' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये दिलेल्या निकालानंतर रिझर्व्ह बँकेने सुधारित नियम केले आणि ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यांमुळे नुकसान झाले तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंत असते. भाडे ३,००० रुपये असेल तर जास्तीत जास्त ३ लाख. भूकंप किंवा पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत तेवढेही नाही. लॉकरमधल्या दागिन्यांचा वेगळा विमा घेता येतो, आणि घरापेक्षा जोखीम कमी म्हणून त्याचा हप्ताही सहसा कमी असतो.

कायद्याची बाजू संग्रहाच्या विम्यात दुर्लक्षून चालत नाही, कारण विमा उतरवण्यासाठी वस्तूवर कायदेशीर हक्क असावा लागतो. पुराणवस्तू आणि कलानिधी कायदा १९७२ चा. तो ५ एप्रिल १९७६ पासून लागू झाला. १०० वर्षे किंवा त्याहून जुनी वस्तू आणि ७५ वर्षे जुने हस्तलिखित यांना तो लागू होतो. दगड, धातू, हस्तिदंत, टेराकोटा यांची शिल्पे, चित्रे आणि सचित्र हस्तलिखिते अशा ठरावीक वर्गांतल्या पुराणवस्तूंची नोंदणी मालकाला करावी लागते आणि हस्तांतर झाल्यास कळवावे लागते. अनेक वाड्यांतल्या देवघरांतल्या मूर्तींची अशी नोंदणी झालेलीच नाही. नोंदणीच्या प्रमाणपत्रावर वस्तूचे वर्णन आणि छायाचित्र असते, त्यामुळे तोच दाव्यात मालकीचा उत्तम पुरावा होतो. पुराणवस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, म्हणून लंडन किंवा न्यूयॉर्कच्या लिलावातला भाव घरच्या मूर्तीला लावता येत नाही. देशातल्या बाजारात कायद्याने जे मिळेल, तेच तिचे मूल्य. हस्तिदंताच्या वस्तू, वाघाचे कातडे, शिंगे यांसाठी वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मालकी प्रमाणपत्र लागते आणि त्यांची विक्री करता येत नाही. शेतात नांगरताना सापडलेला नाण्यांचा हंडा तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे सरकारला कळवावाच लागतो. तो गुपचूप संग्रहात घालून विमा घेता येत नाही.

यादी करायला लोक कचरतात त्यामागे कराची भीती मोठी आहे. ती बरीचशी निराधार आहे. संपत्ती कर २०१५ च्या वित्त कायद्याने रद्द झाला आणि वारसा कर भारतात १९८५ पासून नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या १९९४ च्या सूचनेनुसार छाप्याच्या वेळी विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅम, अविवाहित स्त्रीचे २५० ग्रॅम आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत, असे आहे. वारसाहक्काने आलेल्या दागिन्यांची विभागणीपत्रे, मृत्युपत्रे, जुन्या पावत्या जपून ठेवल्या की विमा आणि प्राप्तिकर या दोन्ही ठिकाणी त्या उपयोगी पडतात. आग किंवा पुरात नष्ट झालेल्या दागिन्यांच्या वा कलावस्तूंच्या विम्याच्या रकमेवर भांडवली नफ्याचा कर लागू शकतो. मोठा दावा मिळाल्यावर सनदी लेखापालाला विचारून घ्यावे.

परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी तिथले नियम वेगळे वाचावेत. अमेरिकेतल्या अनेक घरमालक पॉलिसींत दागिन्यांच्या चोरीची मर्यादा अवघी १,५०० डॉलरच्या आसपास असते. मंगळसूत्र, पाटल्या आणि बांगड्या मिळून ती कधीच ओलांडली जाते. तिथे दागिन्यांची तपशीलवार यादी जोडून वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

वस्तू घराबाहेर जाते तेव्हाचा विचारही आधीच करावा. प्रदर्शनाला दिलेल्या चित्राचा विमा 'नेल टू नेल', म्हणजे घरच्या भिंतीवरून काढल्यापासून पुन्हा त्याच भिंतीवर लावेपर्यंत असावा, आणि तो आयोजकांनी काढला असेल तर प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय चित्र देऊ नये.

नुकसान झाल्यावर पहिले काम म्हणजे कंपनीला ताबडतोब कळवणे आणि चोरी असेल तर पोलिसांत फिर्याद देणे. फिर्यादीत सगळ्या वस्तू यादीप्रमाणे लिहून द्याव्यात. मागाहून घातलेल्या वस्तूंकडे संशयाने पाहिले जाते. पुरानंतर तलाठी पंचनामा करतात, त्याची प्रत घ्यावी. मोठ्या दाव्यासाठी कंपनी परवानाधारक सर्व्हेअर नेमते. तो येईपर्यंत खराब झालेल्या वस्तू फेकू नयेत, मात्र नुकसान वाढू नये म्हणून त्या पाण्यातून, चिखलातून बाहेर काढणे मालकाचे कर्तव्य आहे. भिजलेले कागद आणि फोटो एकमेकांपासून ओढून सोडवू नयेत. सावलीत, वाऱ्यावर हळूहळू वाळू द्यावेत. चोरीच्या दाव्यात पोलिसांचा अंतिम अहवाल लागतो. गुन्हा खरा, पण चोर सापडला नाही, असा शेरा असलेल्या अहवालाला महाराष्ट्रात 'ए समरी' म्हणतात. तो मिळायला वेळ लागतो आणि त्याचा पाठपुरावा स्वतः करावा लागतो. पूर्ण भरपाई घेतल्यावर वस्तू सापडली, तर तिच्यावर हक्क कंपनीचा असतो. पिढीजात वस्तूंसाठी भरपाई परत करून वस्तू परत घेण्याचा पर्याय पॉलिसीत आहे का, हे आधी पाहावे. पैशापेक्षा वस्तू हवी असणाऱ्या कुटुंबांना हे कलम फार मोलाचे आहे.

दावा नाकारला गेला किंवा रक्कम फार कमी दिली गेली, तर प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. आयआरडीएआयच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवरही ती नोंदवता येते. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत, शुल्क नाही आणि वकिलाची गरज नाही. कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत तक्रार करायची असते आणि लोकपाल ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई देऊ शकतात. त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तक्रारदाराला तो मान्य नसेल तर ग्राहक आयोगाचा मार्ग त्याच्यासाठी खुला राहतो.